क्लिओपात्राचे दोन खड्डे: तीन रात्रींची नोंद

मंडळी, २१६ क्लिओपात्रा या लघुग्रहाचा प्रकाशवक्र (वेळेनुसार तेज कसं बदलतं त्याचा आलेख) अखेर हाती लागला. तीनच रात्री मिळाल्या, त्यातही मधले अकरा दिवस ढगांनी खाल्ले. तरीही परिवलन काळ (स्वतःभोवती एका फेरीचा वेळ) निघाला, आणि दुसऱ्या रात्री एक गंमत झाली ती सांगायलाच हवी.

हाच लघुग्रह का निवडला, ते आधी. १० एप्रिल १८८० रोजी योहान पालिसाने तो पोला इथल्या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या नौदल वेधशाळेतून शोधला (आज ते गाव पुला, क्रोएशियात). तिथली दुर्बीण होती सहा इंची. माझीही सहा इंचीच, फक्त त्याची भिंगाची आणि माझी आरशाची. तेवढ्या भिंगावर पोलात या माणसाने २८ लघुग्रह टिपले, पुढे व्हिएन्नाला जाऊन एकूण आकडा १२२ वर नेला, आणि तेही नकाशा समोर ठेवून, डोळा लावून. कॅमेरा लावून एका लघुग्रहामागे तीन रात्री घालवणाऱ्याने यापुढे फार बोलू नये.

दुसरं कारण आकार. क्लिओपात्रा मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यातली, सूर्यापासून सरासरी २.८ खगोलीय एकक (पृथ्वी-सूर्य अंतराच्या २.८ पट) अंतरावर, एका प्रदक्षिणेला सुमारे ४.७ वर्षं घेणारी. लांबी अंदाजे २७० किलोमीटर, दोन टोकांना गाठी आणि मध्ये बारीक कंबर. कुत्र्याच्या हाडाची उपमा २००० मध्ये आली, स्टीव्हन ऑस्ट्रो आणि सहकाऱ्यांनी अरेसिबोच्या रडारने तिचा आकार काढला तेव्हा. अशी लांबुळकी वस्तू फिरते तेव्हा एका फेरीत दोनदा रुंद बाजू दाखवते आणि दोनदा टोक. म्हणजे आलेखात दोन शिखरं, दोन खड्डे (तेज सर्वांत कमी होतं त्या जागा). नवशिक्यासाठी याहून ठळक वक्र मिळणं अवघड. एक मात्र सांभाळावं लागतं. तिचा अक्ष आपल्याकडे रोखलेला असेल त्या प्रतियुतीत (ती आकाशात सूर्याच्या बरोबर समोर येते तेव्हा) चढउतार अगदी किरकोळ होतो, आडवा असेल तर एका प्रतीहून जास्त (प्रत हे तेजाचं माप, आकडा मोठा तितकी वस्तू मंद). यंदा मला ०.८ प्रत मिळाली, म्हणजे तेज दुपटीहून किंचित जास्त बदलत होतं.

रात्र १. दहा ते अडीच, ६० सेकंदांच्या फ्रेम, क्लिओपात्रा ११.३ प्रतीच्या आसपास. चार तुलनातारे (ज्यांच्याशी ताडून तिचं तेज मोजायचं ते तारे) घेतले होते, त्यातला एक रात्रभरात स्वतःच मंदावत गेला. चल ताराच निघाला बहुधा. त्याला काढून टाकलं. पहिला खड्डा ११:०५ ला, दुसरा १:४६ ला. दोन्ही इतके सारखे दिसत होते की सॉफ्टवेअरने खुशाल २.६९ तास हा काळ ठोकून दिला. अशा वेळी सॉफ्टवेअरचं ऐकायचं नाही. ०.८ प्रतीचा चढउतार आकारामुळेच येणार, तेव्हा एका फेरीत खड्डे दोन, काळ दुप्पट. युक्तिवाद पक्का आहे, पण मला तो माझ्या ठिपक्यांत दिसायला हवा होता.

दिसण्याची एकच वाट होती: दोन्ही टोकं हुबेहूब नसतील तर दोन्ही खड्डे हुबेहूब नसतील. माझा दुसरा खड्डा ०.०७ प्रत जास्त खोल होता. नाचायला लागणार तेवढ्यात आठवलं की मधे साडेबाराला मेरिडियन फ्लिप झाला होता (लक्ष्य मध्यान्हरेषा ओलांडतं तेव्हा दुर्बीण पलटी मारून स्टँडच्या दुसऱ्या बाजूला जाते). फ्लिपनंतर चित्र उलटं होतं, लघुग्रह आणि तुलनातारे कॅमेऱ्याच्या चिपच्या वेगळ्या कोपऱ्यांत जाऊन बसतात, आणि चिपवरचा असमान उजेड दुरुस्त करणाऱ्या माझ्या फ्लॅट फ्रेम (खरं सांगतो) घाईत घेतलेल्या होत्या. म्हणजे तो फरक क्लिओपात्राचा की माझ्या आळसाचा?

रात्र २. उत्तर घड्याळानेच दिलं. अर्धी फेरी २.६९ तासांची, तर अशा नऊ अर्ध्या फेऱ्या २४ तास १४ मिनिटांत होतात. नऊ विषम. म्हणजे दुसऱ्या रात्री साधारण त्याच वेळी, फक्त १४ मिनिटं उशिरा, जो खड्डा येतो तो कालच्या पहिल्याचा नव्हे, दुसऱ्याचा जोडीदार! खड्ड्यांची अदलाबदल होते, फ्लिप मात्र जागच्या जागी राहतो. फरक फ्लिपमुळे असेल तर पुन्हा दुसराच खड्डा खोल दिसेल. खरा असेल तर आज पहिला.

११:१९ चा खड्डा जास्त खोल निघाला. फरक या वेळी ०.०३. दोन्ही रात्री मिळून हिशेब केला तर खरा फरक ०.०५ आणि फ्लिपची भेसळ ०.०२ येते, ती एका रात्री मिसळली आणि दुसऱ्या रात्री वजा झाली. रात्री दोन वाजता एकट्याने हसणं काय असतं ते ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको.

मग ढग.

रात्र ३, पहिल्या रात्रीनंतर बारा दिवसांनी. खोल खड्डा ११:११ ला. पहिल्या रात्रीच्या उथळ खड्ड्यापासून १७,२८६ मिनिटं, अर्ध्या फेऱ्या १०७. भागाकार १६१.५५ मिनिटं, दुप्पट ५.३८५ तास. प्रसिद्ध आकडाही ५.३८५ च आहे. शेवटच्या अंकावर मी फार विश्वास टाकणार नाही, खड्ड्याची वेळ ठरवताना माझी दोन मिनिटं इकडे-तिकडे होतात. प्रकाश पोचायला लागणारी सतरा मिनिटं दोन्ही वेळांतून जवळजवळ सारखीच जातात, त्यामुळे तिथे त्रास नाही.

घनतेकडे मात्र माझी दुर्बीण पोचत नाही, तिथे क्लिओपात्राभोवती फिरणारे उपग्रहच हवेत, त्यांच्या कक्षांवरून तिचं वस्तुमान कळतं. फ्रँक मार्शी आणि सहकाऱ्यांना २००८ मध्ये केक दुर्बिणीतून दोन सापडले, अलेक्सहेलिओस आणि क्लिओसेलीन. चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपच्या चित्रांवरून २०२१ मध्ये त्यांच्या कक्षा सुधारल्या, आणि क्लिओपात्राचं वस्तुमान आधीच्या अंदाजापेक्षा ३५ टक्के कमी निघालं. घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे ३.४ ग्रॅम. धातूचा भरपूर अंश असल्याचं रडार सांगतं, आणि लोखंडी उल्का ८ च्या जवळ जाते, तर मग आत पोकळ्याच पोकळ्या: दगडधातूचा सैल ढीग, आणि तोही साडेपाच तासांच्या आत एक फेरी मारणारा. टोकांवरचा माल जेमतेम टिकून आहे. बारीकशा धडकेने उडालेल्या खड्यांतूनच ते दोन उपग्रह झाले असावेत, असं त्या चमूचं मत आहे.

पुढच्या प्रतियुतीला अक्षाचा कल बदललेला असेल, तेव्हा खड्डे किती भरतात ते बघायचं आहे. त्याआधी फ्लॅट फ्रेम. या वेळी संध्याकाळच्या उजेडात, नीट, वीस तरी.