बाबांच्या कॉम्प्युटरवरचा फोल्डर

आजीची पत्रं बाबांनी गेल्या पावसाळ्यात एकेक करून स्कॅन केली. दोनशेच्या वर पानं, सगळी हॉलमधल्या त्यांच्या कॉम्प्युटरवर. मला ती वरच्या खोलीत, माझ्या लॅपटॉपवर वाचायची होती. फोल्डर शेअर केला की झालं, असं वाटलं होतं. दोन संध्याकाळी त्यात गेल्या.

सुरुवातीला लॅपटॉपवर बाबांचा कॉम्प्युटर दिसतच नव्हता. दिवाळीत राउटर बदलला तेव्हा घरचं नेटवर्क त्यांच्याकडे ‘पब्लिक’ म्हणून नोंदलं गेलं होतं, म्हणजे स्टेशनवरच्या वायफायसारखं परकं. ते ‘प्रायव्हेट’ केलं, शेअरिंग चालू केलं आणि नाव दिसू लागलं.

क्लिक केलं तर युजरनेम आणि पासवर्ड विचारला. बाबांच्या खात्याला पासवर्डच नाही. जागा रिकामी ठेवली, तर नकार. कारण वाचलं आणि पटलं: बिनपासवर्डाचं खातं समोर बसून वापरता येतं, पण नेटवर्कवरून त्या खात्याने आत शिरता येत नाही. नाहीतर आपल्या वायफायवर आलेल्या कुणालाही दार सताड उघडं.

“बाबा, पासवर्ड ठेवूया का?”

“अगं, रोज कोण आठवत बसणार तो?”

त्यांच्या वयाला हे मी लादणार नव्हते.

व्हिडिओंमध्ये सोपे उपाय भरपूर होते. पासवर्डची अट काढा, गेस्टला, म्हणजे बिनपासवर्डाच्या पाहुण्याला, येऊ द्या, नेटवर्कवरून फायली देण्याघेण्याची एसएमबी १ ही जुनी पद्धत चालू करा. माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ प्रोची २४एच२ ही आवृत्ती आहे; त्यात गेस्ट म्हणून जोडणी मुळातच बंद असते. ती मी बंदच ठेवली. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे घातक सॉफ्टवेअर पसरलं ते एसएमबी १ मधल्या भगदाडातूनच, आणि फायली कुलूपबंद करून पैसे मागत होतं. आजीच्या पत्रांचे मूळ कागद आता घडीवर फाटतात. मला हा धोका नको होता.

मग बाबांच्या कॉम्प्युटरवर ‘पत्रे’ नावाचं दुसरं लोकल खातं उघडलं, त्याला लांबलचक पासवर्ड दिला. बाबांचं खातं होतं तसंच राहिलं. सुरू करताना आता दोन नावं दिसतात, त्यातल्या आपल्या नावावर क्लिक करायचं, एवढंच त्यांना वाढलं.

तरी लॅपटॉप ऐकेना. पहिल्या दिवशी ‘लक्षात ठेवा’वर टिक केली होती, त्यामुळे तो बाबांचंच नाव पुढे करत होता. क्रेडेन्शियल मॅनेजरमधली, म्हणजे विंडोज पासवर्ड साठवतं तिथली, ती नोंद पुसली, लॅपटॉप रीस्टार्ट केला, युजरनेमच्या आधी त्यांच्या कॉम्प्युटरचं नाव लिहिलं. फोल्डर दिसला! उघडायला गेले, तर परवानगी नाही.

इथे मी सगळ्यात जास्त वेळ अडकले. परवानग्या दोन ठिकाणी असतात: एक शेअरिंगची, दुसरी ‘सिक्युरिटी’ टॅबमधली, खुद्द फोल्डरची. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही लागतात, आणि जी जास्त कडक तीच चालते. मी फक्त पहिली दिली होती. दुसऱ्या यादीत ‘पत्रे’ घातलं, दोन्हीकडे फक्त वाचण्यापुरतं, म्हणजे माझ्या हातून काही पुसलं जायला नको.

पहिलं पान उघडलं तेव्हा बाबा जिना चढून बघायला आले. “नागपूरला आत्याला दिसेल का हे?”

नाही दिसणार. थेट दाखवायचं तर राउटरवरून ४४५ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे फाइल शेअरिंगचं दार, बाहेर उघडावं लागेल, आणि ते मी करणार नाही. आत्यासाठी पेन ड्राइव्ह भरायला घेतलाय.