ताम्हणातली नाणी

माझ्याकडे साठेक देशांची नाणी आहेत आणि ती बघायला कोणीही येत नाही. गणपतीला मात्र माणसं येतात. येतात ती गणपतीसाठी, पण बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरात दर्शन घेऊन प्रसादाकडे जायचं तर खिडकीजवळच्या टेबलाला वळसा घालावाच लागतो. ते टेबल मी धरून ठेवलंय.

पहिल्या वर्षी तिथे अल्बम मांडले. देश अकारविल्हे, प्रत्येक नाण्याखाली साल, धातू, वजन, टांकसाळ. रात्री दोन वाजेपर्यंत चिठ्ठ्या लिहीत बसलो होतो. येणाऱ्यांनी पहिलं पान पाहिलं, "वा, छान छंद आहे हो" म्हटलं आणि लीलो चिवड्याच्या बशीकडे वळले. हे "छान छंद आहे" आम्हा नाणेवाल्यांना बरोबर कळतं. कांदेपोहे खाऊन झाल्यावर "कळवतो" म्हणतात ना, त्याच जातीचं वाक्य.

दुसऱ्या वर्षी ठरवलं, नाणी मोकळी ठेवायची, लोकांना हाताळू द्यायची. आईचं मोठं ताम्हण मागून घेतलं, ओरखडे पडू नयेत म्हणून तळाशी मखमलीचा तुकडा घातला आणि वर बरी-वाईट चाळीसेक नाणी पसरली. संध्याकाळच्या आरतीनंतर पाहतो तर मलेशिया आणि मेक्सिकोच्या मधे दहाचं एक नाणं आणि त्यावर एक रुपया. समोरच्या बेन नमस्कार करून ठेवून गेल्या होत्या. एकीने ठेवले म्हटल्यावर पुढच्यांना प्रश्नच उरला नाही. देवापुढच्या ताम्हणात नाणी दिसली की काय करायचं ते हाताला ठाऊक असतं, त्यासाठी डोक्याला विचारावं लागत नाही. पाच दिवसांत दोनशे बहात्तर रुपये जमले. आई म्हणाली, "तुझ्या छंदातून पहिल्यांदाच घरात काही आलं."

त्या ताम्हणात जपानचं पाच येनचं नाणं होतं. पितळी, मधोमध भोक. भाताची लोंबी, भोकाभोवती दातेरी चाक, खाली पाण्याच्या रेघा. म्हणजे शेती, कारखाने आणि मासेमारी. किंमत जपानी लिपीत, आपल्याला वाचता येईल असा आकडा कुठेच नाही. पाच येन म्हणजे त्यांच्या भाषेत 'गो एन', आणि तस्साच उच्चार असलेल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ होतो ऋणानुबंध. म्हणून तिकडे देवळात गेलं की दानपेटीत आवर्जून हेच नाणं टाकतात. समोरच्या बेनना दुसऱ्या दिवशी हे सांगितलं. त्यांनी नाणं उचललं, उलटंपालटं केलं आणि म्हणाल्या, "त्यां पण आपणा जेवुंज!" म्हणजे तिकडेही आपल्यासारखंच. दोन वर्षांत कोणीतरी माझं एक नाणं स्वतःहून उलटून पाहिलं होतं.

चौथ्या दिवशी आत्याने घात केला. पहाटे पूजेची उपकरणी घासायला घेतली, त्यात ताम्हण आलं आणि ताम्हणाबरोबर त्यातली तांब्याची नाणीही. चिंच आणि मीठ. मी उठलो तेव्हा माझा बडोदे संस्थानचा पैसा ओट्यावर सुकत होता. संवत १९४९ चा, म्हणजे इसवी सन १८९२ च्या आसपासचा. घोड्याचा खूर, तलवार आणि देवनागरीत सयाजीराव महाराजांचं नाव. सव्वाशे वर्षांत त्यावर खजुरासारखा गडद रंग चढला होता. त्या रंगालाच आम्ही जपतो. तो गेला की जाणकार नाणं हातात घेतो, आणि काही न बोलता खाली ठेवतो. आता ते रुखवतातल्या कोऱ्या तांब्यासारखं गुलाबी झालं होतं. "आत्या, अगं काय केलंस हे!" "मग काय, काळंकुट्ट ठेवायचं देवासमोर?"

आता कबूल करायला हवं ते असं, की त्या दिवशी सर्वांत जास्त पाहिलं गेलं ते हेच. उठावाची अक्षरं लख्ख झाली होती, रेघांच्या खाचा काळ्याच राहिल्या होत्या. ज्यांचं अख्खं आयुष्य सयाजीगंज ते सयाजीबाग असं गेलंय, त्यांनी पहिल्यांदाच 'सयाजीराव' हे नाव नाण्यावर वाचलं. एक काका तर जोडे काढायच्या आधीच टेबलापाशी. तरीही आत्याला मी हे सांगितलेलं नाही. नाहीतर उरलेलीही घासून ठेवील.

यंदा मी बाराच नाणी मांडली. साठ देशांतून बारा निवडणं म्हणजे मुलीच्या लग्नात पाहुण्यांची यादी छाटण्यासारखं. रात्रभर झोप लागली नाही. ताम्हण परत केलं, चौरंग घेतला. चिठ्ठ्या नाहीत. विचारलं तर सांगायचं. शेजारी वाटीभर पाणी, आणि त्यात जपानचाच एक येन. निव्वळ ॲल्युमिनियम, वजन बरोबर एक ग्रॅम. आडवा धरून अलगद सोडला तर तरंगतो. मुलांची रांग लागली. ज्याचा बुडेल त्याने परत शेवटी उभं राहायचं, असा नियम त्यांनीच केला. एका आजोबांनी त्या वाटीतलं पाणी तीर्थ म्हणून घेतलं, तेवढं सोडलं तर कार्यक्रम निर्विघ्न पार पडला.

तळमजल्यावरचे भाई दरवर्षी हात जोडून सरळ निघून जायचे. यंदा वाकले, चश्मा कपाळावर नेला आणि म्हणाले, "अरे, आ तो अमारो शिलिंग!" पूर्व आफ्रिकेचा शिलिंग, त्यावर सिंह आणि मागे डोंगर. त्याच्या शेजारी दहा सेंटचं नाणं होतं, मधोमध भोक आणि त्याला कवेत घेणारे दोन हस्तिदंत. भाईंचं बालपण कंपालातलं. १९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने तिथल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं तेव्हा घर, दुकान सगळं मागे राहिलं. दहा सेंटमध्ये तेव्हा काय काय यायचं ते त्यांनी मला अर्धा तास उभ्याउभ्या सांगितलं, दर मिनिटाला नाणं मुठीत बंद करत आणि उघडत. १९२० पर्यंत तिकडेही रुपयाच चालायचा, ही माझी खास राखून ठेवलेली माहिती सांगायला मला जागाच सापडली नाही.

बाकी "याचे किती येतील?" हा प्रश्न असतोच. त्याच्या पाठोपाठ, आमच्या गावच्या घरी ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ चं, रामदरबाराचं नाणं आहे, लाखात जाईल ना? कंपनीने राम-सीतेचं नाणं कधी पाडलंच नव्हतं, असं मी पूर्वी सांगत असे. समोरच्याचा चेहरा पडायचा आणि माझ्याबद्दलचं मतही. आता म्हणतो, देव्हाऱ्यात ठेवा, विकू नका. जुन्या नाण्यांचे लाखो देतो म्हणून आधी शुल्क मागणाऱ्यांचा फोन आला असेल तर मात्र स्पष्ट सांगतो. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून असे लोक फसवतात, असा इशारा खुद्द बँकेनेच २०२१ मध्ये दिला आहे.

विसर्जनाच्या सकाळी वरच्या मजल्यावरच्या आजी आल्या. नव्वदी गाठलेल्या. सुनेच्या हाताचा आधार सोडून चौरंगापाशी बसल्या आणि बारा नाण्यांतून नेमका भोकाचा पैसा उचलला. १९४३ चा, महायुद्धात धातू वाचवायला मधून कोरून टाकलेला. राजाचं डोकं जिथे असायचं तिथेच भोक, त्यामुळे नुसता मुकुट उरलाय.

"आमच्या वडलांनी दाराच्या कडीखाली बसवला होता," आजी म्हणाल्या. "वायसर मिळत नव्हते तेव्हा. वायसरपेक्षा पैसा स्वस्त."

मग त्यांनी एक डोळा मिटला, पैसा दुसऱ्या डोळ्याला लावला आणि मखराकडे तोंड केलं. बराच वेळ तशाच बसून राहिल्या.

"दिसतो का गणपती, आजी?"

"नुसती सोंड दिसतेय रे. थांब जरा, मोदक शोधते."