एका घोड्यापुरतं पाणी

जादूचं जग रचायला बसलेला माणूस आधी मंत्रांची यादी करतो. आगीचा गोळा, उडणं, अदृश्य होणं, मेलेल्याला उठवणं. मग प्रजाती: एल्फ, ड्वार्फ, ऑर्क, सेंटॉर (वर माणूस, खाली घोडा), झालंच तर एखादा सरडामानव. चाळीस मंत्र, बारा प्रजाती आणि रंगीत नकाशा घेऊन रोलप्ले, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं वठवायचा खेळ, सुरू होतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीला सगळं फिसकटतं. जग वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेतल्या काउबॉयच्या काळाचं, असेल तर जरा आधीच. कारण वेस्टर्नचा सगळा डोलारा टंचाईवर उभा असतो. पाणी कमी, डॉक्टर कमी, शेरीफ लांब, बातमी उशिरा. यातली एखादी टंचाई जादूने फुकटात मिटवली की उरते ती मोठ्या टोप्या घातलेल्या मंडळींची सहल.

पाण्याचंच घ्या. उन्हात राबणारा घोडा दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी पितो. १८६७ नंतर टेक्सासहून कॅन्ससमधल्या अ‍ॅबिलीनच्या रेल्वेकडे गुरांचे तांडे निघत. एका तांड्यात अडीच-तीन हजार गुरं, हाकायला दहा-बारा काउबॉय, दिवसाची मजल दहा ते पंधरा मैल. एवढ्या गुरांना उन्हाळ्यात रोज लाखभर लिटर पाणी लागणार. नवशिक्या जादूगाराला पाणी काढायचा मंत्र बिनमापाचा दिला, तर विहिरीवरचा पहारा, ओढ्याकाठच्या जमिनीची भांडणं, तहानेने पिसाळलेली गुरं, सगळं एका झटक्यात निकालात निघतं. मंत्र काढून टाकायची गरज नाही, त्याला माप घालावं. दिवसाला चाळीस लिटर. त्यात एक घोडा जगेल किंवा दहा माणसं. कोण, ते जादूगाराने ठरवावं आणि बाकीच्यांच्या तोंडाला तोंड द्यावं.

त्याहून मजा येते ती आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हाच नियम केल्यावर. मंत्र पाणी निर्माण करत नाही, जवळच्या विहिरीतून ओढतो. मग शेजारची विहीर चाळीस लिटरने उतरते आणि शेजारी बंदूक घेऊन विचारायला येतो. पश्चिमेच्या कोरड्या मुलखात पाण्याचा कायदाही भांडणाला पोषक होता. ज्याने आधी पाणी वळवून कामाला लावलं, त्याचा हक्क आधी. वापर सोडून दिला तर हक्क जातो. आता या कायद्यापुढे चारशे वर्षं जगणारी एल्फ उभी करा. १८६२च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षं जमीन कसून तिथेच राहणाऱ्याला १६० एकर मिळत, पण माणशी एकदाच, आणि अर्जदार नागरिक तरी हवा किंवा नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेला तरी. जमिनीच्या बाबतीत एल्फचं दीर्घायुष्य कुचकामी. पाण्यात मात्र ती सगळ्यांच्या आधीची आणि तिचा वारस कधीच गादीवर येत नाही. अख्ख्या खोऱ्याचे पाट एकाच बाईच्या नावावर! कान टोकदार असण्यापेक्षा हा फरक खेळात कितीतरी जास्त उपयोगी पडतो.

बंदूक आणि मंत्र यांचं जमवणं हे पुढचं काम. कोल्टचं १८७३चं सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर सहा घरांचं, पण धक्क्याने गोळी सुटू नये म्हणून जाणते लोक पाचच भरत आणि चापाचा हातोडा रिकाम्या घरावर टेकवून ठेवत. रिकामी पुंगळी दांड्याने ढकलून बाहेर, नवी आत, असं एकेक घर भरायचं. सराईत हातालाही अर्धा मिनिट सहज जातं. मंत्राला तेवढाच वेळ लावावा. जादूगाराची खरी संधी मग समोरच्याच्या पाच गोळ्या संपण्यात असते आणि खेळाडू आपसूक गोळ्या मोजायला लागतात. तेव्हाची बंदुकीची दारू काळी, चार-पाच बार झाले की खोली धुराने भरते. मंत्राला नजरेसमोर सावज लागतं असा नियम ठेवलात, तर एकाच दारूच्या गुत्त्यात आपलाच बंदूकवाला आपल्याच जादूगाराला आंधळा करतो. वेगळा तोल साधत बसावा लागत नाही.

लांडगामानवावर चालणाऱ्या चांदीच्या गोळीचा हिशेबही एकदा करून ठेवावा, कारण कोणीतरी मागणारच. शिसं ३२७ अंशांना वितळतं, शेकोटीवर पळी धरली तरी पुरे. चांदीला ९६१ अंश सेल्सिअस लागतात, म्हणजे मूस, भाता आणि लोहाराची भट्टी. थंड होताना ती शिशापेक्षा जास्त आकसते, त्यामुळे शिशाच्या साच्यात ओतलेली गोळी नळीत सैल बसते. शिवाय कडक असल्याने नळीच्या आट्यांची पकड नीट घेत नाही. नेमात एक-दोनची घट इथे न्याय्य आहे. खर्च असा: पंचेचाळीस कॅलिबरची चांदीची गोळी सुमारे १५ ग्रॅमची, चांदीचा डॉलर पावणेसत्तावीस ग्रॅमचा. पाच गोळ्यांना तीन डॉलर. काउबॉयचा पगार महिन्याला तीस-चाळीस डॉलर, तेव्हा लांडगामानवावर एकदा पिस्तूल रिकामं करणं म्हणजे दोन-तीन दिवसांची मजुरी धुरात.

लोखंडाची गोष्ट याहून खोल जाते. युरोपातल्या लोककथांत परीलोकाला लोखंड सोसत नाही. आपल्याकडेही बाळंतिणीच्या उशाशी विळा-कोयता ठेवतातच. हा नियम अमेरिकेच्या पश्चिमेला लावला की इतिहास स्वतःच कथानक पुरवतो. १० मे १८६९ रोजी यूटामधल्या प्रोमोंटरीला पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे रूळ जुळले. १८७४ला ग्लिडनने काटेरी तारेचं पेटंट घेतलं. म्हणजे पाचेक वर्षांत आधी जादूचा मुलूख दुभंगला आणि मग त्याचे चौकोन पडायला लागले. अडचण एवढीच, की लोखंड सगळीकडे असतं. नाल, तवा, बंदूक, पट्ट्याचं बक्कल. प्रत्येक तुकडा जादू मारायला लागला तर जादूगाराला घोड्यावरही बसता येणार नाही. म्हणून सलग शंभर हातांहून लांब लोखंडच जादू अडवतं, असं ठरवावं. नाल सुटला, रूळ आणि तार सापडली. १८८३ला टेक्सासात कुंपणं तोडणाऱ्यांचा मोठा धुमाकूळ झाला. आपल्या खेळात त्या रात्रींना तार कापणारे गुराखी एकटे नसतील. खेळ १८६८चा की १८८३चा हे त्यामुळे पहिल्याच पानावर लिहायला हवं.

प्रजाती मोजक्या, तीन-चार पुरेत, पण प्रत्येकीचं पोट कसं भरतं ते माहीत पाहिजे. सेंटॉर सगळ्यांना आवडतो आणि हिशेबात सगळ्यांत आधी तोच मार खातो. घोडा रोज आठ-दहा किलो चारा खातो आणि मोकळा सोडला तर दिवसाचे पंधरा-सोळा तास चरत राहतो. तेवढं धड माणसाच्या तोंडाने कसं पोसणार? चरणं शक्यच नाही. मका, ओट्स, चरबी, गूळकाकवी असं दाट खाणं हवं, म्हणजे मागे गाडी आली आणि गाडीचा खर्च आला. टपालाच्या कामात तो घोड्याला हरवेल असं वाटतं, तेही खोटं. १८६०-६१ची पोनी एक्सप्रेस मिसूरी ते कॅलिफोर्निया सुमारे दहा दिवसांत गाठायची ती दर दहा-पंधरा मैलांवर घोडा बदलून. सेंटॉर स्वतःला कुठे बदलणार? पण घोडा मेल्यावर इतर स्वार अडतात तिथे तो अडत नाही, आणि पाठीवर बसू देणं हा त्याच्या लेखी अपमान की धंदा, एवढ्यावर एक अख्खी वस्ती उभी राहते.

ड्वार्फला खाण हवी, तर नेवाडातली कॉमस्टॉकची चांदी आयती आहे. १८५९चा शोध, खालच्या थरांत असह्य उष्मा, उकळत्यासारखं पाणी, कामगारांना बर्फ पुरवावा लागे. रोजी चार डॉलर, आणि संघटना ती खाली येऊ देत नसे. उष्मा सोसणारा ड्वार्फ अडीच डॉलरला तयार झाला तर काय होईल, एवढं विचारलं की पुरे. आपला मुंजा मात्र तिकडे नेऊ नये. त्याला पिंपळ लागतो, न्यू मेक्सिकोत बिचारा राहणार कुठे?

एक गोष्ट टाळावीच. ऑर्क म्हणजे रानटी टोळ्या असं करून कोमांची, लकोटा, अपाची या मूळ रहिवाशांना नकाशावरून पुसू नये, आणि रूळ टाकणाऱ्या हजारो चिनी कामगारांच्या जागी गॉब्लिन बसवू नयेत. माणसं माणसंच ठेवावीत. प्रजाती त्यांच्या शेजारी आल्या पाहिजेत. मूळ रहिवाशांच्या जिवंत धर्मातली नावं उचलून मंत्रांच्या यादीत घालणंही बरं नव्हे. त्याने खेळही पोकळ होतो, कारण आपल्याला त्यातलं नावाखेरीज काही माहीत नसतं.

उरला प्रश्न मंत्र लागला की नाही हे ठरवायचा. फासे चालतात, पण वेस्टर्नला पोकरचे पत्ते शोभतात. पाच पत्ते वाटले तर निम्म्या वेळा हातात साधी जोडीही नसते, आणि तिर्री (एकाच किमतीचे तीन पत्ते) किंवा त्याहून मोठं काही क्वचितच लागतं. जादूगाराचा खेळाडू तासाभरात कंटाळतो. सात वाटून त्यातले पाच निवडू द्यावेत. जोडी किंवा त्याहून बरं काही शंभरात ८२-८३ वेळा, दोन जोड्या किंवा वर ३९ वेळा, तिर्री किंवा वर १५ वेळा. छोटा, मधला आणि मोठा मंत्र यांना ही तीन मापं चपखल बसतात. मोठा मंत्र सहा-सात प्रयत्नांत एकदा लागतो, आणि तोवर टेबलावर शांतता असते. प्रत्येक मंत्रानंतर पत्ते परत घेऊन पिसायचे, नाहीतर हुशार खेळाडू गेलेले एक्के लक्षात ठेवतो. मंत्र उलटायची सोय हवी तर जोकर ठेवा, पण एकच. दोन्ही ठेवले तर जवळजवळ दर चौथ्या मंत्राला एखादा निघतो. एकट्याचं प्रमाण आठात एक पडतं. आणि उलटल्यावर काय होतं ते आधीच लिहून ठेवावं. ऐन वेळी गेममास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, सुचतं ते दर खेपेस आग लागणं हेच असतं.