मोबाइलवरचा बुद्ध्यांक खरा मानायचा का? तुम्ही विचारलंत म्हणून

"मॅडम, मोबाइलवर चाचणी दिली, पोराचा बुद्ध्यांक 138 आला. मग पैसे भरून दुसरी कशाला करायची?" लातुरात समुपदेशन करताना पालक हे मला सारखं विचारतात.

मोबाइलवर आणि पैसे भरून घेतलेल्या चाचणीत आकृत्यांचे प्रश्न बऱ्याचदा सारखेच दिसतात. तीन आडव्या ओळी, तीन उभ्या रांगा, शेवटचा चौकोन रिकामा. तिथं काय बसेल ते ओळखायचं. जॉन रेव्हन यांनी अशी चाचणी 1938 मध्ये प्रसिद्ध केली. तिच्या मूळ संचात 60 प्रश्न आहेत आणि उत्तराला भाषा लागत नाही. घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणाऱ्या तांड्यावरच्या लेकराला मराठी अडखळत येत असेल, तर मला ही चाचणी फार मोलाची वाटते.

पण किती प्रश्न बरोबर आले, एवढ्यानं बुद्ध्यांक निघत नाही. त्याच वयाच्या पुष्कळ मुलांना आधी तीच चाचणी देऊन मानकं ठरवलेली असतात, त्यांच्याशी तुलना करून आकडा निघतो. सरासरी 100 धरली, की साधारण 68 टक्के मुलं 85 ते 115 मध्ये येतात. 138 च्या वर हजारात पाच-सहाच. मोबाइलवरच्या 138 मागे कोणती मुलं होती? बहुतेकदा ते सांगितलेलंच नसतं. काही ठिकाणी तर वयही विचारत नाहीत.

शिवाय आपल्याकडची मुलं स्कॉलरशिप आणि नवोदयसाठी महिनोन्महिने आकृत्याच सोडवतात. नवोदयच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत 80 पैकी 40 प्रश्न मानसिक क्षमतेचे असतात. त्या सरावाचा वेग मोबाइलवर बुद्धी म्हणून मोजला जातो.

समोर बसून घेतलेल्या चाचणीत शब्द, आकडे, आठवण, ठोकळे असं बरंच काही असतं. तोंडी उत्तरं चटचट देणारी मुलगी लिहायची वेळ आली की का थबकते, हे तिथं दिसतं. ती उपाशी आली आहे का, घाबरली आहे का, हेही तपासणाऱ्याला कळतं. मात्र तिथला आकडाही डोळे झाकून घेऊ नका. पिढीगणिक सरासरी गुण वाढत गेल्याचं अनेक देशांत दिसलं आहे, म्हणून जुन्या मानकांवर आकडा फुगतो.

मोबाइलवरची कोडी मुलांना खुशाल सोडवू द्या. पण मूल वाचनात मागं पडत असेल, तर जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात चौकशी करा. चाचणी कोणती, मानकं कधीची, कोणत्या भागात किती गुण, हे विचारा आणि अहवाल लेखी मागा. शाळेत सवलत मागताना तोच उपयोगी पडतो.