पायापुरती जागा

मे महिन्यातली दुपार, ४४ अंश, आणि मी पोर्चमध्ये उकिडवा बसून मोटरसायकलला क्रॅश गार्ड लावत होतो. शहाण्या माणसाने नागपुरात अशा वेळी कूलरसमोर आडवं व्हावं. पण कुरियरवाला बारा वाजता खोकं देऊन गेला आणि मला संध्याकाळपर्यंत दम निघेना. खोक्यात वाकवलेला काळा पाइप, दोन लांब बोल्ट, चार वॉशर, दोन बुश. कसं लावायचं त्याचा कागद नाही. घेणाऱ्याला येत असेलच, असा विश्वास.

क्रॅश गार्ड हा शब्द माझ्या जिभेवर अजून बसलेला नाही. आमच्याकडे तो लेगगार्ड. क्रॅश म्हटलं की विमान वगैरे पडल्यासारखं वाटतं. मी गेल्या महिन्यात पडलो तो सायकलीच्या वेगाने, सिमेंट रोडवरून कडेच्या गट्टूंवर, म्हणजे पेव्हर ब्लॉकवर, उतरताना. मधली ती चार बोटांची पायरी नागपूरकरांना सांगायला नको. पुढचं चाक उतरलं, मागचं रुसलं, आणि गाडी अगदी शांतपणे माझ्या डाव्या पायावर येऊन निजली. दोन पोट्टे धावत आले. "लागलं तर नाही ना काका?" मी नाही म्हटलं. नडगी सोलून निघाली होती, तरी नाही म्हटलं. पडलेला माणूस दुसरं काय म्हणणार?

तर गार्ड. इंजिनला फ्रेमशी धरून ठेवणारा पुढचा बोल्ट काढायचा आणि त्याच्या जागी खोक्यातला लांब बोल्ट घालायचा, म्हणजे त्यातच गार्डचा कानही अडकतो. ऐकायला सोपं. पण बोल्ट निघाला की इंजिन केसभर खाली बसतं आणि मग भोकाला भोक जुळत नाही. म्हणून आधी खालून जॅक, जॅकवर लाकडाचा ठोकळा. जॅक कारचा, ठोकळा म्हणजे आईच्या मोडक्या पाटाचा पाय. चौदाचा पाना तेवढा उन्हात राहिला होता. तो उचलला, किंचाळलो आणि टाकून दिला.

त्या आवाजाने बाबा दारात आले. वय ७९.

"काय करून राहिला?"

"लेगगार्ड."

"सगळे बोल्ट आधी ढिल्ले ठेव. एक आवळून ठेवला का दुसरा भेटतच नाही."

मी उजवा आवळून बसलो होतो. ते वळल्यावर गुपचूप ढिला केला.

बाबांची राजदूत होती, १७५ सीसीची. ते यंत्र मूळचं पोलंडचं, एसएचएल नावाच्या गाडीवरून घेतलेलं, हे मला फार उशिरा कळलं. मला ती काटोलकडचीच वाटायची, कारण तिथल्या प्रत्येक दूधवाल्याकडे होती. पेट्रोलच्या टाकीवर माझी जागा. आई मागे, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर धाकटी. आईच्या साडीसाठी चाकाला जाळी होती, आणि ती तर सरकारी नियमातच आहे. १९८९ च्या मोटार वाहन नियमांत, १२३ व्या क्रमांकावर: मागे बसणाऱ्याला धरायला मूठ, पाय ठेवायला जागा, आणि कपडे अडकू नयेत म्हणून निदान अर्ध्या चाकाला आडोसा. पुढच्याच्या नडग्यांचं काही नाही. नडग्यांची काळजी बाबांनी स्वतः घेतली होती. जाडजूड लेगगार्ड, त्यावर घट्ट गुंडाळलेली पिवळी नायलॉनची दोरी.

टाकीवर बसून माझे पाय त्या गार्डपर्यंत पोहोचत नसत. हवेत लोंबत. पोहोचले की आपण मोठे झालो, असं मी ठरवून ठेवलं होतं. दर दिवाळीला मोजायचो. एका वर्षी अंगठे टेकले, आणि त्याच वर्षी बाबा म्हणाले, आता समोरचं दिसत नाही मला, मागे बस. झालं मोठेपण!

काटोलहून परतताना आजोबा संत्री द्यायचे. त्यांच्या दोन पिशव्या लेगगार्डच्या दोन्ही टोकांना लटकायच्या. गार्डचा खरा उपयोग तोच, अशी माझी समजूत. एकदा संध्याकाळी ओढ्यावरच्या एका रपट्यावर रेतीत गाडी घसरली. आम्ही सगळे अलगद सांडलो. डोळे उघडले तर बाबांचा पाय गाडीखाली, आणि तिथून काहीतरी ओलं वाहत येत होतं. मी भोकाड पसरलं. आईने बोट लावून पाहिलं आणि ती हसायलाच लागली. संत्री फुटली होती. इंजिन आणि रस्ता यांच्यामध्ये त्या पाइपाने एक तिकोनी पोकळी धरून ठेवली होती, आणि तिच्यात बाबांचा पाय, चपलेसकट, जशाच्या तसा. तापलेल्या सायलेन्सरवर संत्र्याचा रस जळत होता. तो वास मला अजूनही गॅरेजमध्ये मधूनच येतो, म्हणजे येतो असं मला वाटतं.

गार्ड पडू देत नाही असं मुळीच नाही. जोरात आदळलात तर तो फ्रेमलाच घेऊन वाकेल, बांधलेला तिथेच असतो ना. सावकाश पडणाऱ्यांसाठीच आहे तो.

पाच वाजेपर्यंत सगळे बोल्ट आवळून झाले. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिलं, कुठे घासत नाही. दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आवळायचे. बाबा परत आले, चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिले.

"डावीकडे वर आहे."

टेप लावला. सहा मिलिमीटर.

हातांचं ग्रीस धुवायला न्हाणीघरात गेलो. फेब्रुवारीत बाबा इथेच घसरले होते. लागलं नाही म्हणाले, आणि तीन दिवस भिंत धरून चालले. त्यानंतर मी कमोडशेजारी टाइल्समध्ये स्टीलचा दांडा बसवून घेतला. जाडीला जवळपास या गार्डएवढाच. त्या दिवशी ते माझ्याशी बोलले नाहीत. दांड्याला हात लावताना मी त्यांना आजवर पाहिलेलं नाही.

दांड्यावर त्यांचा पंचा वाळत घातलेला होता.