तीन डोकी

सोमवार, 17 मार्च 2025

आजही उठल्या उठल्या पहिलं काम तेच केलं. गरुडाच्या घरट्यावरचा लाइव्ह कॅमेरा लावून पिल्लांची डोकी मोजली. दोन. माहितीये दोनच असणार, तरी मोजतेय.

शुक्रवारी सकाळी चहा घेताना तीन मोजली होती. तिकडे कॅलिफोर्नियात तेव्हा गुरुवारची संध्याकाळ, घरटं आहे त्या बिग बेअरला बर्फाचं वादळ येणार हे मला पक्कं माहीत होतं. पण इकडे धुळवड. खालून हाका मारत होते, म्हटलं जाऊया, किती दिवस घरात बसायचं, आणि गेले. रंग खेळले. कितीतरी दिवसांनी मोकळं हसले. दुपारी आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्या खाल्ल्या आणि गाढ झोपले, म्हणजे तिकडची अख्खी रात्र मी बघितलंच नाही. संध्याकाळी कॅमेरा लावला तर दोन डोकी.

तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय. मी बघत नव्हते.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, अगं पक्षी आहेत ते, जेवलीस का. तिला काय सांगू. 2023 ला दोन अंडी फुटलीच नाहीत, 2024 ला तीन, गेल्या वर्षी जॅकी, म्हणजे त्या पिल्लांची आई, एका बैठकीत साठ तासांहून जास्त बसून राहिली होती आणि तरी काही झालं नाही. यंदा तिन्ही फुटली. 3 तारखेला पहिलं, 4 ला दुसरं आणि 8 ला तिसरं, धाकटं एवढंसं. कुठलं गेलं ते मला ओळखता आलेलं नाही, पण मी मनात धाकटंच धरलंय. एवढ्या लहान पिल्लांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, आईबापाच्या पोटाखालीच राहावं लागतं, त्यात ते सहा दिवसांचं.

शुक्रवारी रात्री मी लाइव्ह मागे मागे नेऊन बघत बसले. दोन वाजेपर्यंत. कुठे चुकलं, कधी, कुठल्या मिनिटाला, ते मला सापडायलाच हवं होतं. सापडलं काय तर जॅकीची पाठ. तासन् तास तेच. पाठीवर बर्फ साचतोय, ती मधेच झटकतेय, पुन्हा साचतोय, झाड वाऱ्याने हलतंय, घरटं जमिनीपासून जवळजवळ 145 फुटांवर, आणि ती जागची उठत नाहीये. पिल्लं सगळी खाली. काहीच दिसत नाही. मी तेव्हा जागी असते तरी मला हेच दिसलं असतं.

हे कळूनही दोन दिवस रडतेय. एवढं की मलाच प्रश्न पडला कोणासाठी.

बाबांच्या वेळीही मी खाली गेले होते. कॉफी आणायला. दहा मिनिटं.

जाऊदे.

जॅकी तर तिथेच होती ना. वर बसलेली होती. तिच्याइतकं जवळ कोण असणार. 2019 ला पण असंच झालं होतं, कुकी नावाचं पिल्लू गेलं, सहा आठवड्यांचं होऊन, थंडीपावसाने. तेव्हाही हीच जॅकी, हाच तिचा जोडीदार शॅडो. आणि दुसरं पिल्लू, सिम्बा, उरला होता, त्याला त्यांनी वाढवून उडवलं. हे मी वाचलं होतं आधी, पण काल रात्री पहिल्यांदा नीट लक्षात आलं, म्हणजे आत कुठेतरी पोचलं. तिला मोजता येतं का मला माहीत नाही. मासा फाडून एक घास एकाला, एक दुसऱ्याला, एवढं मात्र तिचं बिनचूक चाललंय. मोठं पिल्लू पुढे पुढे करतं, ती मान वाकडी करून मागच्यालाही देते. मी ते दहा वेळा बघितलं असेल. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून काल अपराधी वाटत होतं, आज नाही वाटत.

सात वाजून गेले. तिकडे अंधार पडत आलाय, ती दोघांना पोटाखाली घेऊन बसली, शॅडो वरच्या फांदीवर. वारा नाहीये.

दूध संपलंय, खाली जायला हवं. फोन इथेच ठेवून जाते.