मालवण, डिसेंबरचा शेवटचा आठवडा: सुरमईच्या नादाला लागू नका

साडेतीनशेची सुरमई थाळी आम्हाला सहाशे ऐंशीला पडली. फळ्यावर साडेतीनशेच लिहिलं होतं. बिल आल्यावर विचारलं तर, "तुकडो मोठो होतो, त्येचो रेट वेगळो." मोठा आम्ही मागितला नव्हता, आणि तो मोठाही नव्हता! वर आतून कोरडा. बर्फात बरेच दिवस काढलेला मासा असाच लागतो. सोलकढी म्हणजे गुलाबी पाणी, नारळाच्या दुधाचा पत्ता नाही. चार माणसं, हिशोब तुम्हीच करा.

तेव्हा बसायच्या आधी तुकड्याचा भाव विचारा. लाज वाटत असेल तर बांगडा मागवा. गर्दीला सुरमई-पापलेटच हवं असतं, म्हणून भाव तिथेच चढतो आणि शिळा मालही तिथेच खपतो. बांगडा, तारली, मोरी यांना कोणी विचारत नाही. संध्याकाळी बंदरावर लिलाव बघा, त्या दिवशी काय आलंय ते कळतं. दुसऱ्या दिवशी बाजारामागच्या एका घरी बांगड्याचं तिखलं आणि भाकरी खाल्ली, आदल्या दिवशीचा राग तिथेच उतरला. (त्यातलं तिरफळ, म्हणजे मसाल्याचं फळ, चावू नका, बाजूला काढा. भाच्याची जीभ अर्धा तास बधिर होती.) मात्र घरगुती जेवण सकाळीच सांगून ठेवावं लागतं. दुपारी दीडला दारात उभे राहिलात तर उपाशी परत याल.

किल्ला, स्कूबा ठीक. देवबाग मात्र सकाळी आठच्या आत, नाहीतर नकोच. कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी, रस्ता एकच. समोरासमोर दोन गाड्या आल्या आणि आमचा पाऊण तास तिथेच गेला.

शांतता हवी तर दुचाकी काढा आणि तोंडवळीवरून तळाशील गाठा. एका बाजूला खाडी, दुसरीकडे समुद्र, मध्ये सुरूची झाडं. पाणी आणि खाणं बरोबर न्या. खाडीच्या मुखाशी पोहायला उतरू नका, ओढ फार आहे. पहाटे पोचलात आणि नशीब असेल तर रापण दिसेल: दोन्ही टोकांना रांगेनं माणसं, जाळं इंचाइंचानं किनाऱ्याकडे. आम्हीही दोर धरला. कोणी नको म्हणालं नाही. शेवटी मूठभर तारल्या हातावर ठेवल्या, पैसे घेतले नाहीत. तळहात अजून सोललेले आहेत.